मागच्या पार्किंग सेन्सरचा येता-जाता बिघाड : कामाच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार

गाडी २०२१ची पेट्रोल हॅचबॅक, हाताच्या गिअरची, ४३,२०० किमी चाललेली. मागे कंपनीचे चार सेन्सर, पुढे एकही नाही. कंट्रोलर, म्हणजे सेन्सरने सोडलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढून बझर वाजवणारा डबा, डिकीत डाव्या पॅनलच्या मागे. १ जुलै २०१९पासून तयार होणाऱ्या मोटारींना एआयएस-१४५ या भारतीय वाहन-सुरक्षा मानकाखाली मागचा पार्किंग अलर्ट सक्तीचा झाला. त्यामुळे पूर्वी वरच्या मॉडेलपुरतं असलेलं हे काम आता सगळ्यात स्वस्त गाडीवरही येतं, आणि रत्नागिरीच्या पावसात जरा जास्तच येतं.

सेन्सरचे नंबर गाडीच्या मागे उभं राहून डावीकडून उजवीकडे: १ (डावा कडेचा), २, ३ (आतले), ४ (उजवा कडेचा). पुढच्या सगळ्या नोंदींत हेच.

मालकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली: "रिव्हर्स टाकला की मागे काही नसताना वाजतं. कधी कधी एक लांब बीप देऊन गपच होतं." सकाळी आणि पावसानंतर जास्त, कडकडीत दुपारी कधीच नाही. याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं. दोन्हीकडे ३ नंबरचा सेन्सर बदलला, फरक शून्य. काढलेले दोन्ही सेन्सर डिकीत पिशवीत आहेत. ते टाकू नका म्हणून सांगितलं.

स्कॅनर (कंट्रोलरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला. कोड दोन, दोन्ही इतिहासात, आत्ता चालू एकही नाही:
– ३ नंबर सेन्सर, सर्किट बिघाड, १७ वेळा
– पुरवठ्याचं व्होल्टेज कमी, ४ वेळा

फोटो काढल्याशिवाय कोड पुसले नाहीत. येत-जात राहणाऱ्या बिघाडात किती वेळा आला हा आकडा हाच एकमेव साक्षीदार असतो, आणि तो एका बटणाने नाहीसा होतो.

तक्रारीत दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या इथेच वेगळ्या केल्या. 'लांब बीप देऊन गप्प' म्हणजे कंट्रोलरला स्वतःच्या तपासणीत विजेचा दोष सापडला आणि त्याने सिस्टिम बंद केली. याचा कोड पडतो. 'काही नसताना वाजतं' याचा कोड पडत नाही, कारण कंट्रोलरच्या लेखी तिथे खरोखरच काहीतरी आहे. खोटा प्रतिध्वनी आणि खरा प्रतिध्वनी त्याला सारखेच. म्हणजे स्कॅनरवरचा ३ नंबर फक्त अर्ध्या तक्रारीचं उत्तर देतोय.

मालकांना पुन्हा फोन करून तारखा विचारल्या. खोटं वाजणं जानेवारीपासून; डावा कोपरा घासला होता, त्यानंतर बंपर रंगवून घेतला. गप्प होणं मात्र मेच्या शेवटापासून, म्हणजे पहिला सेन्सर बदलल्यानंतर सुरू झालं. हा क्रम महत्त्वाचा.

१० जून, मंगळवार

कोरड्यात पायाभूत मापं घेतली. हवा २८ अंश. इग्निशन चालू, इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांना लाकडी ठोकळे, गिअर रिव्हर्समध्ये. बॅटरीला चार्जर लावला, नाहीतर मागचे दिवे तासाभरात व्होल्टेज खाली आणतात आणि नसलेला दोष दाखवतात.

पहिली तपासणी फुकटची: सेन्सरच्या तोंडावर बोटाचं टोक हलकं टेकवायचं. चांगला सेन्सर बारीक टकटक देतो. चारही देतात. यातून सेन्सर आवाज सोडतोय एवढंच कळतं, ऐकतोय का ते नाही.

मग ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप, उंची १ मीटर, खाली सिमेंटने भरलेला डबा. नळकामवाल्याकडचा अडीच इंची पाइप चालतो. भिंत वापरू नये; भिंत सगळ्यांनाच दिसते, आजारी सेन्सरलाही. गाडी काँक्रीटवर घेतली. अंगणातल्या खडीचा प्रतिध्वनी सेन्सरपर्यंत येतो आणि आकडे नाचतात. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात (सगळं सेमीत; बाणाआधी पाइपचं खरं अंतर, बाणानंतर सेन्सरने दाखवलेलं):

१: पाइप ३०वर → ३१, ५०वर → ५०
२: ५० → ५१, ८० → ८०, १२० → १२१
३: ५० → ५०, ८० → ८१, १२० → १२१
४: ३० → ३०, ५० → ५१

या गाडीत कडेचे सेन्सर साधारण ६० सेमी, आतले १५० सेमीपर्यंत बघतात. १ आणि ४ ला १२० दिसत नाही म्हणून बाद करायचं नाही.

पाइप काढून मोकळ्या जागेत दहा मिनिटं आकडे बघत राहिलो. २, ३, ४ रिकामे. १ वर चार वेळा क्षणभर ३८ उमटला. बझर तीनदा वाजला. कोड नाही. पहिली तक्रार गाडी कोरडी असतानाच सापडली, आणि ती बदललेल्या सेन्सरची नाही.

११ जून, बुधवार

२ आणि ३ आपसात बदलले. दोन्ही आतले, पार्ट नंबर एकच. आतला कडेच्याशी बदलू नये. काही गाड्यांत ते वेगळे असतात आणि नवाच गोंधळ उभा राहतो. प्रत्येकाच्या पाठीवर रंगीत टेप आणि मूळ नंबर.

बंपर उतरवताना आधी वायरिंगचा मुख्य कपलर (तारा जोडणारा प्लग) सोडायचा, मग बंपर मागे ओढायचा. इथे कपलर डाव्या बाजूला आत आहे, हात जेमतेम जातो. याच घाईत पिना वाकतात. तीन सेन्सरचे होल्डर नीट चिकटलेले. १ चाही घट्ट, कोन बाकीच्यांसारखाच, म्हणजे घासताना फक्त कातडं गेलं. १ च्या तोंडावर मात्र रंग चकचकीत आणि फुगीर. बाजूची रबरी रिंगही रंगलेली. फोटो घेतला, हात लावला नाही. एका दिवशी एकच बदल.

सगळं जोडून पुन्हा कोरडी मापं: सारखीच. कोड नाही.

१२ जून, गुरुवार

पाण्याची चाचणी. प्रेशर वॉशर नाही. त्याचं पाणी जिथे पावसाचं कधी जाणार नाही तिथेही घुसतं, आणि मग काय सापडलं ते ठरवता येत नाही. फवारणीचा २ लिटरचा हातपंप, एका वेळी एकच भाग, स्कॅनरवर सतत नजर.

फक्त सेन्सरची तोंडं, १० मिनिटं: १ वर ३५ ते ४० चे आकडे वाढले, बझर वरचेवर. ३ शांत.

डिकीचं रबर आणि दोन्ही टेललॅम्पच्या कडा, १५ मिनिटं: काही नाही. डिकीतला पॅनल काढून कंट्रोलरचा कपलर बघितला, आत कोरडा. कंट्रोलरवर संशय घेणं इथे थांबलं.

बंपरच्या खालून वर, टायर उडवतो तसं, डावीकडून उजवीकडे हातभर-हातभर सरकत: मधल्या भागापर्यंत काही नाही. उजवीकडच्या आतल्या भागात सहाव्या मिनिटाला लांब बीप, सिस्टिम बंद. कोड: ३ नंबर सर्किट, आत्ता चालू.

३ च्या जागी काल २ चा सेन्सर बसवला होता. कोड जागेवरच राहिला, सेन्सरबरोबर सरकला नाही. सेन्सर निर्दोष, पिशवीतले दोन्हीही बहुतेक निर्दोषच.

पंखा लावून ४० मिनिटांनी कोड पुन्हा इतिहासात गेला. दुपारी गाडी का बरी व्हायची, ते इथे कळलं.

१३ जून, शुक्रवार

वायरिंग. प्रत्येक सेन्सरला तीन तारा: पुरवठा, अर्थ (अर्थिंगची), सिग्नल. पुरवठा आणि अर्थ चौघांचे मिळून येतात आणि बंपरच्या आत त्यांना फाटे फुटतात. सिग्नल ज्याचा त्याचा. सामाईक अर्थ गेला असता तर चारही एकदम गेले असते. एकच जातो, म्हणजे ३ च्या फाट्यातच.

ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला. कपलरच्या पाठीमागून, तारेच्या सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून. तारेला टोचून नाही. चांगल्या सेन्सरवर चित्र असं दिसतं: सिग्नलची तार निवांत असताना वर, ११.६ व्होल्टला. कंट्रोलर ती क्षणभर खाली ओढतो, म्हणजे 'आवाज दे'. सेन्सर आवाज सोडतो आणि आपला पडदा थरथरत असेपर्यंत तार खालीच धरतो. प्रतिध्वनी आला की पुन्हा एकदा खाली ओढतो. मधल्या वेळावरून अंतर. २८ अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर, म्हणजे १२० सेमीवरच्या पाइपचा प्रतिध्वनी जाऊन-येऊन ६.९ मिलिसेकंदांनी. थरथर साधारण १ मिलिसेकंद टिकते. तेवढ्यात आवाज १७ सेमी जाऊन परत येतो, म्हणून अगदी जवळचं हे सेन्सर मोजू शकत नाहीत. तिथे नुसती सलग शिट्टी.

पुन्हा खालून फवारलं. ३ ची निवांत पातळी ११.६ वरून हळूहळू ९, ७, शेवटी ५.९. ती तार कंट्रोलरमधल्या एका रेझिस्टरमधून वर धरलेली असते. जमिनीकडे थोडी जरी गळती झाली तरी खाली येते. फ्यूज उडत नाही, धूर नाही, टेस्ट लॅम्प (टोकदार सळईचा तपासणीचा दिवा) लावला तर काहीच कळत नाही.

दोन्हीकडचे कपलर आणि सगळे सेन्सर सोडून मीटरने ३ च्या सिग्नलपासून अर्थपर्यंत मोजलं. ओल्यात ३.८ किलोओहम. बंपरचा मुख्य कपलर सोडून दोन भाग वेगवेगळे मोजले: बॉडीकडच्या भागात मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे गळती नाही; बंपरकडच्या भागात ३.८. माझी पैज कपलरवर होती. उघडला, पिना कोऱ्या, सीलं जागेवर. पैज हरलो.

बंपर उलटा टेबलावर घेऊन ३ च्या फाट्याची कापडी टेप टोकाकडून उलगडली. सेन्सरच्या कपलरपासून ११ सेमीवर टेप तांबड्या चिखलाने कडक झालेली, आत ओली. पुसल्यावर सिग्नलच्या तारेवर एक गोल भोक, सुईच्या टोकाएवढं, कडा आत दबलेल्या. एक सेंटिमीटरवर अर्थच्या तारेला तसंच दुसरं. दोन्ही भोकांभोवती हिरवं कीट.

हा टेस्ट लॅम्पच्या टोकाचा ठसा आहे. बंपर न उतरवता खालून हात घातला की नेमका हाच भाग बोटात येतो. आधी कोणीतरी तपासणी करताना इथे टोचलं, भोकं बुजवली नाहीत, वर टेप तशीच. मे कोरडा गेला असता तर कदाचित कळलंही नसतं. पाऊस सुरू झाला, कापडी टेपेने पाणी धरून ठेवलं, समुद्राकाठच्या खारट चिखलाने दोन तारांमध्ये वाट करून दिली. मूळ तक्रार १ नंबरच्या खोट्या बीपची, आणि ती शोधताना ३ नंबरला हा दुसरा आजार लागला. खाली वाकून हाताला येईल तिथे टोचायची सवय किती महागात पडते, त्याचा हा चांगला नमुना. तुकडा कापून फळ्यावर लावला आहे.

१४ जून, शनिवार

दुरुस्ती. फक्त भोकावर टेप मारून चालत नाही. पाणी तांब्याच्या बारीक धाग्यांमधून केशाकर्षणाने पुढे सरकलेलं असतं. इन्सुलेशन सोलत गेलो. सेन्सरच्या बाजूला ३ सेमीनंतर तांबं चमकलं, मुख्य वायरिंगच्या खोडाच्या बाजूला ७ सेमीनंतर. तोवर काळं.

साहित्य: ०.५ चौ. मिमी मोटारीची तार, प्रत्येकी १४ सेमी, दोन रंगांत, क्रिंपचे (दाबून बसवायचे) नळीजोड ४, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) ४ तुकडे, प्रत्येकी ३ सेमी, कापडी टेप. साधी पीव्हीसी टेप नको, उन्हाळ्यात चिकट होऊन घसरते. डाग देणं (सोल्डरिंग) इथे टाळलं. डागलेली तार जिथे कडक संपते तिथेच बंपरच्या हादऱ्याने तुटते.

दोन तारांचे जोड शेजारी-शेजारी ठेवले नाहीत, ४ सेमी पुढे-मागे. स्लीव्हच्या दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीक कडा बाहेर दिसेपर्यंत गरम हवा. तो कडा दिसला नाही तर आत सील झालेलं नाही, स्लीव्ह कापून पुन्हा.

तपासणी: दुरुस्त केलेला भाग एक चमचा मीठ घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला, टोकं बाहेर. सिग्नल ते अर्थ: मीटर काहीच दाखवत नाही. नुसत्या पाण्यापेक्षा ही परीक्षा कडक, आणि इथल्या हवेला साजेशी.

बसवताना फाटा सेन्सरकडे सरळ न नेता कपलरच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडेल. फाटा धरणारी एक क्लिप बंपर रंगवताना परत बसवलेली नव्हती, नवी लावली. कपलरच्या रबरी सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. पिनांच्या घरात ग्रीस कोंबायचं नाही.

१६ जून, सोमवार

आता १ नंबर. ऑसिलोस्कोपवर थरथर: २, ३, ४ यांची ०.९ ते १.० मिलिसेकंद. १ ची १.५, आणि त्यानंतर शेपूट. ते शेपूट अधूनमधून २.२ मिलिसेकंदांच्या आसपास प्रतिध्वनी धरण्याचा उंबरठा ओलांडतं. २.२ म्हणजे ३८ सेमी. १० तारखेला मोकळ्या जागेत उमटलेला आकडा हाच.

कारण तोंडावर दिसतंच होतं. सेन्सरचा पडदा ॲल्युमिनियमचा, त्याच्या पाठीला पिएझोची, म्हणजे विजेने थरथरणारी, चकती. पडदा आणि बंपर यांच्यामध्ये मऊ रिंग असते ती याचसाठी, की पडद्याची थरथर बंपरमध्ये जाऊ नये. रंगवताना सेन्सर न काढता वरूनच फवारा मारला. रंगाने रिंग आणि पडद्यातली फट बुजवून पूल बांधला. आता पडद्याबरोबर बंपरचा तुकडाही थरथरतो आणि उशिरा शांत होतो. तोंडावर पाण्याचा थेंब बसला की आणखी उशिरा.

रंगाची जाडी मोजायच्या मीटरने, ॲल्युमिनियमवर चालणाऱ्या मोडमध्ये: २, ३, ४ वर ११० ते १२५ मायक्रॉन, १ वर ३१०. तोंड लहान आणि गोलसर असल्यामुळे आकडा काटेकोर धरू नये. प्रत्येकी पाच मापांची सरासरी आहे. फरक मात्र अडीच पटीचा, त्यात शंका नाही.

रंग खरवडून बघायचा मोह होतो. थिनरने रिंग फुगते, पॉलिश पेपरने पडद्याची जाडी बदलते आणि मग सूरच बदलतो. नको. खरं तर नवा सेन्सरही नको: पिशवीतला मालकांचा मूळ सेन्सर २ च्या जागी लावून तपासला. टकटक आहे, ५०, ८०, १२० बरोबर, थरथर ०.९५. पण तो आतला आणि इथे कडेचा हवा. पार्ट नंबरची यादी तपासली: या मॉडेलला चारही ठिकाणी एकच नंबर. काम झालं. मात्र मऊ रिंग नवी मागवली. ती स्वस्त आहे आणि जुनी एकदा ताणली की बसत नाही.

मूळ सेन्सरवर कंपनीचा रंग आहेच, तोच गाडीचाही. रंगवायची गरज नाही. नवा रंगवावा लागला असता तर बंपरबाहेर, रिंग काढून, फक्त तोंड, पातळ हात, लांबी (पुट्टी) अजिबात नाही.

१७ जून, मंगळवार

१ च्या जागी मूळ सेन्सर, नवी रिंग. २ आणि ३ परत आपापल्या जागी. कोरडी मापं बरोबर. मोकळ्या जागेत २० मिनिटं: एकही आकडा उमटला नाही. मग १२ तारखेचीच पाण्याची चाचणी, तोच क्रम, खालून यावेळी १५ मिनिटं. ३ ची निवांत पातळी ११.६, जागची हलली नाही. १ शांत.

राहिला व्होल्टेजचा कोड. उतारावर गाडी रिव्हर्स गिअरमध्ये लावून ठेवायची, आणि निघताना न्यूट्रल न करता क्लच दाबून स्टार्टर मारायचा, ही घाटातली जुनी सवय. मालकांचीही तीच. तसंच करून बघितलं: स्टार्टर फिरताना कंट्रोलरला ८.७ व्होल्ट, कोड इतिहासात लगेच नोंदला. बॅटरी भाराखाली तपासली, ठीक आहे. हा दोष नाही. न्यूट्रल करून स्टार्ट करायला सांगितलं, आणि सेन्सरवाल्याला पुढे कधी हा कोड दिसला तर बॅटरी बदलू नका असंही.

खर्च: रिंग १, क्लिप १, तार-स्लीव्ह-टेप. सेन्सर शून्य.

२७ जून, शुक्रवार

दहा दिवसांनी तपासणी, सहा दिवस पावसाचे. कोड: व्होल्टेज एकदा. ३ नंबर एकदाही नाही.

एक नवी तक्रार: दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी उजवीकडे सलग शिट्टी. ४ च्या तोंडावर आणि रिंगच्या फटीत वाळलेला तांबडा चिखल, नखाने निघेल एवढा. मग पाणी आणि मऊ ब्रश. ४ ची थरथर धुण्याआधी १.३, धुतल्यावर १.०. फटीतला चिखल टोकदार वस्तूने कोरायचा नाही, रिंग फाटते.

पिशवीत उरलेला दुसरा सेन्सर २ च्या जागी लावून तपासला: चालू. वर तारीख आणि 'चांगला' लिहून मालकांना परत दिला. काढलेला १ नंबर, ३१० मायक्रॉनवाला, त्यांच्या परवानगीने इथेच ठेवला आहे, तारेच्या तुकड्याशेजारी.